मी चालवला की खेळ रंगतो, दुसऱ्याने चालवला की बुडतो

तुमची पोस्ट वाचताना माझंच जुनं रडगाणं कुणीतरी नव्याने टाकलंय असं वाटलं. गुहागरला तुमच्या चौघांत वादळात सापडलेल्या बोटीचा खेळ (प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट बोलून पुढे न्यायची, अडलं की फासा टाकायचा) अर्धी रात्र रंगतो; तोच नियमांचा कागद पुण्याच्या मावसभावाने त्याच्या मित्रांसमोर उघडला, तर तासाभरात बोट तळाला आणि मंडळी मोबाइलवर. तुमचे प्रश्न दोन: नियम वाढवू का, आणि प्लेटेस्टसाठी, म्हणजे खेळ इतरांकडून खेळवून तपासायला, गावात हॉल कसा मिळवू. माझं दोन्हीला उत्तर "नका" असं आहे.

मी सावंतवाडीच्या बाजूची. असे खेळ बरीच वर्षं बनवतेय आणि एकही विकलेला नाही, त्यामुळे धंद्याच्या बाबतीत माझं काही ऐकू नका. कॅरेक्टर शीट म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद कसा करायचा, खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने काय करायचं, हे तुम्हाला येतंच, ते सोडून देते.

आधी तुमचं गणित. वादळात चारही खलाशांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात 3 मिळवायचे, 15 गाठायचे, आणि एकही चुकला तर बोटीत पाणी, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे फाशावर 12 किंवा जास्त हवेत. वीसपैकी नऊ आकडे, 45 टक्के. एकट्याला ठीक आहे. पण चौघांनाही जमायला हवं तर 0.45 चार वेळा गुणा: जेमतेम 4 टक्के. शंभर वादळांतली शहाण्णव बोटीत पाणी घालणार. मग तुमच्या घरी बोट बुडत का नाही? कारण तिथे तुम्ही बसलेले असता. पाणी शिरलं की तुम्ही पटकन म्हणता, "पंप अजून चालू आहे", "किनाऱ्यावर दिवा दिसतोय". मावसभावाकडच्या कागदावर ना पंप आहे ना दिवा. त्या बिचाऱ्याने नियम प्रामाणिकपणे पाळले, एवढंच.

चौघांपैकी दोघांना जमलं तरी बोट तरते असं केलंत, तर यशाची शक्यता 61 टक्क्यांच्या आसपास जाते. किंवा एकट्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, फासा टाकायचा, बाकीच्यांनी काय मदत केली ते सांगून त्याच्या आकड्यात भर घालायची. मला दुसरं जास्त आवडतं, बोट तांडेलाच्या शब्दावर चालते म्हणून. पण खेळ तुमचा आहे.

हे दुखणं जुनं आहे. 1974 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा याच जातीचा अमेरिकन खेळ पहिल्यांदा छापून आला, तीन पातळ पुस्तिका, हजार प्रती. तो बनवणाऱ्या गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या घरच्या मंडळींत तो छान चालायचा. पण ज्यांनी त्यांच्याबरोबर खेळलेलं नव्हतं, त्यांना पुस्तिका वाचून सुरुवात कुठून करायची तेच उमगेना. 1977 मध्ये नवशिक्यांसाठी ते नियम पुन्हा मांडले ते एरिक होम्स यांनी, आणि ते खेळ छापणाऱ्या कंपनीतले नव्हते. पेशाने न्यूरॉलॉजीचे प्राध्यापक. बाहेरच्या माणसाला जे अडतं ते आतल्याला दिसतच नाही.

माझा खेळ देवचाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तीच्या, गावाचा होता. संकट आलं की एका खेळाडूने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं, प्रत्येक ओळीला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि जितक्यांनी मनापासून साथ दिली तितके जादा फासे मिळायचे. आमच्या पडवीत हे सुरू झालं की शेजारची माणसंही येऊन व्हय म्हाराजा करायची. कागदावर मात्र एकच ओळ होती: गाऱ्हाणं घाला आणि फासे घ्या. बाहेरचा गट ती ओळ वाचून काय करणार? मुकाट फासे घेणार. हे मला कळलं, पण फार उशिरा. त्या उशिराला कारण आमच्या भागातलं एक सार्वजनिक सभागृह आणि त्याचं कार्यालय. नाव घेत नाही, त्यातली माणसं अजून लग्नकार्यात समोर येतात.

गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात. त्या वर्षी मला न ओळखणारे दोन गट तयार होते. मी खोलीबाहेर थांबणार आणि ते नुसता कागद वाचून खेळणार, असं ठरलेलं. घरात गणपती, पाहुणे, भजनं, म्हणून दोन टेबलांपुरता हॉल मागितला. भाडं भरायला तयार होते. अर्जात "फासे" हा शब्द दिसला आणि तिथल्या माणसाने पेन खाली ठेवलं. जुगाराला हॉल देत नाही म्हणे. पैसे कुणीच लावत नाही हे सांगितलं. मग खेळाचं स्वरूप लेखी द्या. दिलं. मग पोलिसांची ना-हरकत आणा. पोलीस ठाण्यात विचारलं, तर घरगुती खेळाला ना-हरकत देण्याची काही पद्धतच त्यांच्याकडे नाही. ते लिहून द्या म्हटलं, तर जी पद्धतच नाही ती नाही असं लिहून देण्याचीही पद्धत नाही. मग हॉलवाले विषय कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. सेक्रेटरी मुंबईला. ते गणपतीला गावी येतात, पण गणपतीत ऑफिस बंद! गौरी गेल्या, गाड्या भरून चाकरमानी परतले. परवानगी नवरात्रात आली, रीतसर शिक्क्यानिशी, आणि खाली अट: "फासे वगळून."

एक मात्र कबूल करायला हवं. माझं ते लेखी स्वरूप वाचून तिथल्या माणसाने विचारलं होतं, "ह्यात जिंकता कोण? कोणच नाय? मगे संपता कधी?" त्या सगळ्या खटाटोपात कामाचा प्रश्न तेवढाच. खेळ कशाने संपतो हे माझ्या कागदावर खरंच नव्हतं. तुमच्याही नाही, बघून घ्या.

खरं नुकसान पुढे झालं. अनोळखी गट गेले, म्हणून वर्षभर घरच्यांबरोबरच खेळत राहिलो. घरच्यांना खेळ येत असतो, त्यामुळे त्यांना अडत काहीच नाही, फक्त हवं असतं. भावाला विषाचे नियम हवेत, वहिनीला बाजाराचे भाव, भाच्याला वाघ. प्रत्येक सेशननंतर पानं वाढली, चार पानी कागदाचं बाड झालं. पुढच्या वर्षी अनोळखी गटाने ते हातात घेतलं आणि पात्रं बनवता बनवताच जेवायची वेळ झाली. म्हणून "नियम वाढवू का" म्हणताय तिथे मला राहवलं नाही. सध्या नवीन काही घालू नका.

कुणी तुम्हालाही जुगार म्हणून अडवलं, तर: मुंबई (आता महाराष्ट्र) जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा आहे आणि त्याचा रोख पैज आणि पैसे लावण्यावर आहे. पैसे किंवा वस्तू पणाला न लावता फासे टाकणं वेगळं. मी वकील नाही, आणि कायदा सांगून आमच्याकडचं कार्यालय हललंही नव्हतं. पण अर्जात "फासे" न लिहिता "कथाकथनाचा खेळ" लिहा. खोटं काही नाही त्यात.

त्याहून बरं, अर्जच करू नका. पडवी, खळं, कुणाची तरी माडी, एवढं पुरतं. 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, तेव्हा तुमच्या बंदरावरच्या खलाशांनाच बसवा की! खेळ बोटीचा आहे. "असा वारा आला तर नांगर टाकूक नाय" असं कुणी म्हणालं तर वाद न घालता लिहून घ्या. लाईट गेलेली आणि रेंज नसलेली जुलैची संध्याकाळ प्लेटेस्टला उत्तम. फक्त कागद सांभाळा. इंकजेटची शाई दमट हवेत पसरते. झेरॉक्सची प्रत टिकते.

तुम्ही मात्र त्या टेबलावर बसायचं नाही. मागे खुर्ची टाका, तोंड बंद. "हे कसं करायचं?" असं विचारलं तरी "कागदावर बघा" एवढंच. कुणी पान मागे उलटलं, कुणी मोबाइल उचलला, कुणी नियम सोडून स्वतःचाच काहीतरी लावला, हे टिपत जा. शेवटचं सर्वांत मोलाचं. अनोळखी गटाने आपणहून लावलेला नियम बहुतेक वेळा मूळ नियमापेक्षा सोपा असतो, माझे तर निम्मे तसेच आलेत.

खेळ झाल्यावर "आवडला का?" विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याने "बरो आसा" म्हणायचं असतं, त्यातून तुम्ही कोंबडी-वडे वाढले असतील तर संपलंच. त्याऐवजी म्हणा, काय घडलं ते मला सांगा. त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत वादळ आलंच नाही, तर तुमचे वादळाचे नियम कितीही देखणे असोत, ते चालले नाहीत. आणि जेवण नंतर वाढा.

कागद किती हवा, तर दशावतारी नाटक बघा. लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान आणि प्रवेश कसे लावायचे एवढं आधी बोलून घेतात, संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. प्रसंग कसा सुरू होतो, कशाने तुटतो आणि अडलं तर पुढे कोण बोलतो, इतकं तुमच्या कागदाने सांगितलं तर मावसभावाचं भागेल.

जाता जाता: वीस बाजूंचे फासे गावात मिळत नाहीत म्हणून अडू नका. हौजीच्या 1 ते 20 सोंगट्या पिशवीत घाला, एक काढा, परत टाका. शक्यता तीच. मी स्वतः दोन साधे फासे वापरते: 6 किंवा कमी आले तर फसलं, 7 ते 9 जमलं पण काहीतरी गमावून, 10 किंवा जास्त आले तर पूर्ण जमलं. पहिल्या दोन्ही गोष्टी प्रत्येकी 36 पैकी 15 वेळा, तिसरी 6 वेळा. मधल्या टप्प्यात गोष्ट आपोआप पुढे सरकते. आमच्याकडची दशावतारी गंजिफाही, म्हणजे जुन्या धाटणीचे पत्ते, वापरून बघण्यासारखी आहे, दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी 120 पानं. अर्थात पुठ्ठ्यावर घरी काढलेली. रंगवलेली खरी पानं पोरांच्या हातात देऊ नका.

तिकडचे नियम मराठीत घ्यायचे असतील तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी 5.1, जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय देण्याच्या परवान्याखाली खुला आहे. अनुवाद करता येतो, श्रेयाची ओळ मात्र घाला. त्या संचात नसलेली त्यांची पात्रं आणि राक्षस उचलू नका.

वादळाचा नियम बदलून कागद मला पाठवा, आमच्याकडच्या एका गटाला देते. त्यांच्यात कुणी बोटीवर काम केलेलं नाही आणि तुम्हाला कुणी ओळखत नाही. खेळताना ते तुम्हाला फोन करतील. उचलू नका.