डोक्यावर तोलायची तलवार: लग्नातली, लोहाराची की विकतची?

ताई, तुम्ही विचारलंय की शारदोत्सवात बेली डान्समधला तलवारीचा तुकडा करायचा आहे, घरात भावाच्या लग्नातली तलवार पडून आहे. ती चालवावी, लोहाराकडून नवी करून घ्यावी की ऑनलाइन मागवावी?

लग्नातली नकोच. नवरदेवाच्या हातात शोभावी म्हणून ती केलेली असते. मूठ पितळेची, भरीव. पातं पातळ पत्र्याचं. बोटावर तोलून बघा, समतोल परजेला (मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीला) लागूनच येईल. डोक्यावर ठेवताना परज टाळूवर टेकते आणि सगळं पातं एका अंगाला लोंबतं. त्यात मुठीच्या शेवटी वाटी असेल तर ती ओढणीत अडकते ते वेगळंच.

तोलायच्या तलवारीत समतोल परजेपासून निदान चार बोटं पुढे, पात्यावर यायला हवा. 10 ते 12 सेंटीमीटर असेल तर उत्तम. दुकानात हेच आधी बघायचं: तर्जनीवर आडवी ठेवा, स्थिर होईल तिथे स्केचपेननं खूण करा, टेपनं अंतर मोजा. थोडं चुकलं तर दुरुस्त होतं. समजा तलवार 900 ग्रॅमची आहे आणि खूण मुठीच्या शेवटापासून 24 सेंटीमीटरवर आहे. त्या शेवटाला 50 ग्रॅम शिसं कापडी टेपखाली गुंडाळलं की समतोल साधारण सव्वा सेंटीमीटर मुठीकडे सरकतो. उलटं, मूठच जड असेल तर फारसा इलाज नाही, काहून की टोकाला वजन लावलं की ते लांबूनही दिसतं.

दुसरी गोष्ट बाक. कावड खांद्यावर का टिकते? दोन्ही टोकांचं ओझं खांद्याच्या खाली लोंबतं म्हणून. तलवारीचंही तसंच. बाकाची आतली बाजू डोक्यावर ठेवली की टोकं खाली उतरतात, भार खाली जातो, तलवार शांत राहते. धारेची बाजू खाली ठेवली की टोकं वर उचलली जातात, भार टेकण्याच्या वर जातो आणि पातं आडवं पडायला बघतं. बऱ्याच जणी तरीही धार खाली ठेवतात, दिसायला ते डौलदार दिसतं. पण मग सगळी मदार टेकण्याच्या जागेवरच्या पकडीवर. पहिल्या वर्षी आतली बाजू खाली ठेवून शिका. सरळ पात्याचा खांडा या कामाचा नाही.

वजन 800 ते 950 ग्रॅम, एकूण लांबी 75 ते 85 सेंटीमीटर. ‘हलकी तर सोपी’ हा समज चुकीचा आहे. ॲल्युमिनियमची तलवार कमरेच्या प्रत्येक झटक्यासरशी थरथरते. जड आणि लांब तलवार आळशी असते आणि आपल्याला तेच हवं असतं: तुम्ही खालून वळता, ती जागची हलत नाही. म्हणूनच गिरकी एकदम घेऊ नका, तलवार मागे राहते आणि केस पिळतात. सव्वा किलोच्या वर मात्र मान दुखायला लागते. सरावही सुरुवातीला पाच मिनिटांचाच. डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन चालायची सवय असेल तर मान सरळ ठेवायचं अर्धं काम झालंच, फक्त इथे चुंबळ नाही.

आता लोहार. तो कमानपाट्याची (गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची) करून देतो म्हणेल. हिशेब बघा: 65 सेंटीमीटर लांब, साडेतीन रुंद आणि 3 मिलिमीटर जाड पोलादी पातं साधारण 535 ग्रॅम भरतं, मूठ धरून आठशेच्या आसपास. पाटा 6 मिलिमीटरचा घेतला तर नुसतं पातंच किलोच्या वर. आणि तलवार बनवायलाही परवाना लागतो, त्या बिचाऱ्याला कशाला अडकवता? लोहाराकडून विकतच्या तलवारीची धार कानशीनं मारून घ्या, तेवढं पुरे. कड 2 मिलिमीटरपेक्षा पातळ नको, टोक करंगळीच्या पेरासारखं गोल, शेवटी 220 आणि मग 400 नंबरचा पॉलिश पेपर.

विकतची घेताना विक्रेत्याला चार आकडे मागा: वजन, लांबी, पात्याची जाडी, परजेपासून समतोलाचं अंतर. बोटावर तोललेला फोटोही मागा. नुसतं ‘प्रीमियम क्वालिटी’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. हातात आल्यावर सुतार दांडा बघतो तसं मुठीकडून एक डोळा मिटून टोकापर्यंत बघा. पात्यात पीळ असेल तर ती डोक्यावर सारखी एका कुशीवर वळणार, मग कितीही सराव करा. मूठ कानाशी धरून हलवा. खडखड आली तर पात्याची मुठीत गेलेली शेपटी ढिली आहे, म्हणजे समतोल रोज वेगळा. मुठीच्या शेवटी नट असेल तर आवळता येतो.

पकडीसाठी समतोलाच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना मिळून 5-6 सेंटीमीटर कड पॉलिश पेपरनं खरखरीत करा आणि त्यावर मधमाशीचं मेण पातळ चोळा. खोल खाच पाडू नका, केस अडकतात आणि ठेवायची जागा एकच उरते. आदल्या दिवशी केस धुवा, तेल अजिबात नको. डोक्याला सुती रुमाल; रेशमी ओढणी घसरते. बिंदीची साखळी टाळूवरून जात असेल तर काढा.

कायद्याचं थोडं. शस्त्र नियम 2016 च्या यादीत तलवार नाव घेऊन आहे. शस्त्र कायदा निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामाच्या वस्तू आणि खेळण्यासारख्या, खरं हत्यार होऊ न शकणाऱ्या वस्तू वगळतो, पण बोथट आहे की नाही हे रस्त्यावर कोणी तपासत बसत नाही. सणासुदीला जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेशही निघतात. बिल आणि मंडळाचं पत्र सोबत ठेवा, ठाण्यात आधी सांगून ठेवा, एसटीत नेताना चादरीत बांधून न्या आणि मिरवणुकीत तर काढूच नका.

मांडवात एक गोष्ट हमखास विसरतात: जंबो कुलर. बाजूनं हवा आली की पातं शिडासारखं फिरतं. तुमचा तुकडा असेल तेवढा वेळ तो बंद करायला सांगा किंवा तोंड प्रेक्षकांकडे करा. नाचून झालं की घाम पुसून पात्याला मशीन तेलाचा हात द्या, मेणाची जागा सोडून, आणि पावसाळ्यात म्यानात ठेवू नका, अस्तर ओल धरतं.