गैरहजेरीमुळे अपील फेटाळलं असेल तर आधी आदेश वाचा

वकील तीन तारखांना गेले नाहीत आणि सत्र न्यायालयानं भावाचं शिक्षेविरुद्धचं अपील फेटाळलं, आता सगळं संपलं का, असं तुम्ही विचारलंय. संपलेलं नाही, पण घाई करायला हवी.

आजच आदेशाच्या आणि रोजनाम्याच्या (प्रत्येक तारखेला काय झालं याच्या नोंदीच्या) नकलेसाठी अर्ज टाका. ऑनलाइन दिसणाऱ्या 'डिसमिस्ड' या एका शब्दावरून काहीच कळत नाही. आदेशात 'पुकारा करूनही अपीलकर्ता व वकील गैरहजर, सबब अपील फेटाळण्यात येते' एवढंच असेल, तर तो कायद्याला धरून नाही. दिवाणी अपील गैरहजेरीत काढून टाकता येतं, फौजदारी नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२७ प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८६) रेकॉर्ड पाहूनच निकाल द्यावा लागतो. बानी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९९६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केलंय. वकिलाच्या चुकीपायी कुणाला बाजू न ऐकताच तुरुंगात जावं लागू नये, म्हणून हा निकाल फार मोलाचा आहे.

मात्र त्याच निकालानुसार तारीख वाढवून देणं न्यायालयावर बंधनकारक नाही. वकील नसतानाही न्यायाधीशांनी साक्षीपुरावा तपासून कारणांसह निकाल दिला असेल, तर नुसतं 'आमचं ऐकलं नाही' पुरत नाही. पुराव्यातल्या चुकाच दाखवाव्या लागतात.

दोन्ही बाबतीत रस्ता उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्जाचा (रिव्हिजन, म्हणजे खालच्या न्यायालयाचा आदेश तपासून घेण्याचा अर्ज). मुदत ९० दिवस, नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळून. बरेच जण त्याच सत्र न्यायालयात अपील पुन्हा सुनावणीला घ्या म्हणून अर्ज देतात. तिथे त्याच संहितेचं कलम ४०३ आडवं येतं: सही झालेल्या निकालात कारकुनी चूक सोडून काही बदलता येत नाही. यात महिने वाया जातात आणि मुदत निघून जाते.

पुनरीक्षणात आदेश रद्द करून अपील गुणदोषांवर ऐकायला परत पाठवा, ही मागणी असतेच. तिच्यासोबत शिक्षेच्या स्थगितीचा वेगळा अर्ज हवा. तोच नेमका राहून जातो. अपील फेटाळलं की अपिलापुरती मिळालेली स्थगिती आपोआप संपते आणि खालचं न्यायालय वॉरंट काढू शकतं. 

अपील चालू असताना अपीलकर्ता वारला तर मात्र ते खरंच संपतं. दंडाच्या शिक्षेविरुद्धचं अपील त्याला अपवाद. कैदेची किंवा फाशीची शिक्षा असेल तर आईवडील, पती-पत्नी, मुलं-नातवंडं, भाऊ-बहीण यांपैकी कुणीही मृत्यूपासून ३० दिवसांत ते पुढे चालवायची परवानगी मागू शकतं (कलम ४३५).