'बेडलम' आणि आपला 'गोंधळ'

क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात, शेवटच्या चेंडूवर सामना फिरला की, 'बेडलम' हा शब्द हमखास कानावर पडतो. त्याचा नेमका अर्थ काय, तो आला कोठून आणि त्याला मराठीत 'गोंधळ' म्हणावे का, अशी पृच्छा आहे.

पुष्कळ माणसे एकाच वेळी ओरडत आहेत, वाट फुटेल तिकडे धावत आहेत आणि कोणाचे कोणाला ऐकू येत नाही, अशी स्थिती म्हणजे बेडलम. आवाज आणि अव्यवस्था ही दोन्ही अंगे त्यात एकत्र येतात.

मुळात हे विशेषनाम आहे आणि तेही येशू ख्रिस्ताच्या जन्मगावाचे. १२४७ साली लंडनच्या बिशप्सगेट वेशीबाहेर बेथलेहेमच्या सेंट मेरीच्या नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे त्याचे रुग्णालय झाले आणि १४०३ सालच्या तपासणीत तेथे सहा मनोरुग्ण असल्याची नोंद सापडते. लंडनकरांच्या तोंडी 'बेथलेहेम'चे 'बेथलेम' आणि त्याचे 'बेडलम' झाले. हिब्रू भाषेत 'बेथलेहेम' म्हणजे 'भाकरीचे घर'. इतक्या निवांत नावाच्या वाट्याला असा अर्थ यावा, याचे मला फार वाईट वाटते.

हा अर्थ आला तो तेथल्या रुग्णांच्या हालांतून. १६७६ साली रुग्णालय मूरफील्ड्स येथे रॉबर्ट हूकने आखलेल्या राजवाड्यासारख्या इमारतीत गेले. प्रवेशद्वारावर दोन पाषाणमूर्ती होत्या : एक खिन्न, सुन्न पडलेली आणि दुसरी साखळदंडांनी जखडलेली, उन्मत्त. साखळ्यांत बांधलेल्या खऱ्या रुग्णांना पाहायला लोक जत्रेला यावे तसे येत. १७७० मध्ये या वर्दळीवर निर्बंध आले. रुग्णांचा आक्रोश आणि बघ्यांचा गलका यांनी गजबजलेल्या या जागेचे नाव सतराव्या शतकातच कोणत्याही बेबंद कोलाहलाला लागू लागले. रुग्णालय आजही लंडनमध्ये दुसऱ्या जागी चालू आहे. तेव्हा मनोरुग्णालयाविषयी बोलताना तरी हा शब्द कटाक्षाने टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता 'गोंधळ'. तोही मूळचा गोंगाट नव्हे. लग्नकार्यानंतर संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने, दिवटी पेटवून रात्रभर चालणारा देवीचा तो कुलाचार आहे, आणि त्यावरूनच 'गडबड' हा अर्थ रूढ झाला. वाट सारखी असली तरी व्याप्ती निराळी आहे. 'पत्ता शोधताना माझा गोंधळ झाला' हे वाक्य आपण सहज बोलतो. तेथे बेडलम चालणार नाही, कारण एकट्या माणसाच्या मनातला संभ्रम त्या शब्दात मावत नाही. 'गदारोळ' म्हटले की सभागृहातील विरोधाचा सूर येतो, 'धुमाकूळ' घालायला कोणीतरी कर्ता लागतो, तर 'कोलाहल' केवळ कानांपुरता राहतो.

म्हणून सुटा 'गोंधळ' न योजता 'एकच गोंधळ उडाला' हा आपला तयार वाक्प्रयोग घ्यावा. त्यातल्या 'एकच' या शब्दाने गर्दी, आवाज आणि पळापळ हे सारे एका दमात उभे राहते. प्रसंग भीतीचा असेल, तर 'हलकल्लोळ माजला' हे अधिक नेमके ठरेल.