वेठ, बेडरिप आणि ‘प्रणय’ नावाचा कर

प्रश्न असा आला आहे: मध्ययुगीन युरोपातल्या ‘सर्फ’ला मराठी पुस्तकांत कुठे ‘भूदास’ म्हणतात, कुठे ‘वेठबिगार’, तर कुठे चक्क ‘कूळ’. यांतलं बरोबर कोणतं?

भूदास. कूळ तर नाहीच नाही. कूळ खंड देतं आणि निदान कागदावर तरी जमीन सोडून जाऊ शकतं. सर्फ जमिनीला जखडलेला, जहागीर दुसऱ्याकडे गेली की तोही तिच्याबरोबर गेला. झालं उत्तर. आता ‘वेठ’कडे वळू, कारण या शब्दाचे हाल रोज ऐकवत नाहीत.

संप झाला की बातमी ठरलेली: ‘प्रवाशांना वेठीस धरले.’ अहो, स्टँडवर ताटकळत बसलेल्या प्रवाशाकडून कुणी कसलं काम करून घेतलं? वेठीला धरतात ते राबवायला. सरकारी शिपायाने वाटेवरच्या कुणब्याला थांबवून किल्ल्यावर न्यायचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवलं, ती वेठ. नुसतं अडवून ठेवायचं आणि मागण्या मान्य करून घ्यायच्या, यासाठी ‘ओलीस’ आहे की!

यावर काही पंडित सांगतात की वेठ हा शब्द ‘वेष्ट्’, म्हणजे गुंडाळणे, यातून आला. तेव्हा ‘घेरणे’ हा अर्थ मुळातच आहे. साफ चूक. ‘वेष्ट्’पासून आपल्याला वेढा, वेढणे, वेढे मिळाले; तिथे ‘ढ’ आला. वेठीतला ‘ठ’ येतो संस्कृत ‘विष्टि’मधून, मधल्या प्राकृत ‘विट्ठि’च्या वाटेने. मुष्टीची मूठ होते, षष्टीचे साठ होतात, तशी विष्टीची वेठ. तेलुगू वेट्टी, कन्नड बिट्टी, तमिळ वेट्टी ही याच घरातली मंडळी. कन्नडमध्ये बिट्टी आता ‘फुकट’ झाली आणि तमिळमध्ये वेट्टी म्हणजे बिनकामाचा, रिकामटेकडा! राबणाऱ्याच्या शब्दाची अशी गत व्हावी, पण झाली खरी.

विष्टि जुनी किती? जुनागढच्या शिलालेखात इ.स. 150 च्या सुमारास क्षत्रप रुद्रदामन बढाई मारतो की, सुदर्शन तलावाचं फुटलेलं धरण मी प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय यांनी न पिडता, स्वतःच्या खजिन्यातून बांधलं. विदर्भात अचलपूरजवळच्या चम्मकला सापडलेल्या, वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात दान दिलेल्या गावाला सगळ्या विष्टीतून सूट आहे. शिवाय फिरतीवरच्या अंमलदारांना बसायला कातडं आणि जाळायला कोळसा द्यायचीही गरज नाही. सूट लिहून द्यावी लागते, यावरून बाकीच्या गावांत काय चालत असेल ते ओळखा.

पण रुद्रदामनाच्या यादीतला तिसरा शब्द वाचलात का? प्रणय! हा चक्क कर आहे. कौटिल्य सांगतो की, खजिना रिता झाला तर राजाने शेतकरी, व्यापारी, पशुपालक यांच्याकडून ‘प्रणय’ मागावा, मात्र एकदाच, दुसऱ्यांदा नाही. म्हणजे प्रेमाने केलेली मागणी. नाही म्हणायची सोय नसलेलं प्रेम.

आणि इथेच इंग्लंडचा सर्फ परत येतो. त्याला ‘व्हिलन’ म्हणत. खेडूत या अर्थाच्या शब्दाचा पुढे खलनायक झाला, आणि पूर्व युरोपातल्या ‘रोबोटा’ या वेठीच्या शब्दातून यंत्रमानवाचं नाव आलं, हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. तेराव्या शतकातला साधारण 30 एकर कसणारा व्हिलन आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या शेतावर राबायचा. मुलीच्या लग्नाला मालकाला पैसे, मरणानंतर गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर, आणि दळण मालकाच्याच गिरणीत. सेंट ऑल्बन्सच्या मठाने तर लोकांच्या घरची दळायची जाती जप्त करून मठाच्या फरशीत बसवली होती. 1381 च्या शेतकऱ्यांच्या उठावात लोकांनी ती उखडली आणि तुकडे वाटून घेतले.

या नेहमीच्या वेठीवर सुगीची जादा वेठ. स्वतःचं जव शेतात पिकून उभं असतानाच मालकाचं कापायला जायचं, बरेचदा घरची बाई सोडून सगळ्या घरादाराने. या जादा कामाचं नाव होतं ‘बेडरिप’: विनवणीची कापणी! लॅटिन कागदांत हेच ‘प्रिकारिया’, तेही प्रार्थनेवरून. फ्रेंचमध्ये वेठीला म्हणतात ‘कोर्व्हे’, त्याच्या मुळाशीही ‘मागून घेतलेलं काम’च. विनवणी असल्यामुळे मालक जेवण द्यायचा, भाकरी, चीज, खारवलेले मासे. बिअर मिळाली तर ती ‘ओली’ विनवणी, नाही मिळाली तर ‘सुकी’. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याने 1475 मधल्या फ्रान्सवरच्या स्वारीसाठी जबरदस्तीने पैसे उकळले, त्याला नाव दिलं ‘सदिच्छा’. कौटिल्याला हसू आलं असतं.

त्यामानाने आपली विष्टि सरळ. ‘विष्’ म्हणजे राबणे, त्यातून ती आली, आडपडदा नाही.

आता माझा लाडका तर्क. पंचांगात अर्ध्या तिथीला करण म्हणतात. त्यांतल्या सात ‘चर’, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या करणांपैकी एकाचं नाव विष्टि. चांद्रमासात ते आठ वेळा येतं, आणि त्यात कुठलंही शुभकार्य सुरू करत नाहीत. माझ्या मते ही विष्टि म्हणजे वेठच. ज्या वेळेवर आपली मालकी नाही, त्या वेळेत आपलं काम काढू नये, हा शेतकऱ्याचा अनुभव ज्योतिषाने उचलला असणार. त्याच करणाचं दुसरं नाव भद्रा, म्हणजे कल्याणी. राखी बांधताना जी टाळतात तीच. जाचाला गोड नाव द्यायची ही तऱ्हा बेडरिपच्या आणि प्रणयाच्या पंगतीत बसते की नाही? ज्योतिषी मंडळी मान डोलावत नाहीत. ते म्हणतात, भद्रा ही सूर्याची मुलगी, शनीची बहीण, वेठीचा काय संबंध? असेल बहीण. पण मग तिला विष्टि हे नाव का पडलं, ते एकानेही अजून सांगितलेलं नाही.