नवव्या चालीला हात मिळवला, तर चुकलं का?

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. मे महिन्यात बुद्धिबळाच्या एका खुल्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला त्याची गाठ त्याच्या जिवलग मित्राशी पडली. नवव्या चालीला दोघांनी बरोबरी केली, दोघांनाही बक्षीस मिळालं. पंचांनी मात्र सगळ्यांदेखत 'खेळायला आलात की फिरायला?' असं सुनावलं. मुलगा म्हणतो, ग्रँडमास्टर रोज असंच करतात. त्याचं चुकलं का? बक्षिसाचं पाकीट परत करावं का? आणि अमुक चालींआधी बरोबरीच नाही, असा नियम का नाही करत?
– एक आई, मिरज

उत्तर : पाकीट परत करू नका, ते आधी सांगतो. स्पर्धेच्या माहितीपत्रकात चालींची अट नसेल, तर नवव्या चालीची बरोबरीही नियमात बसते. आपली चाल करायची, बरोबरी विचारायची, घड्याळ दाबायचं. समोरच्याने हो म्हटलं की डाव संपला. पंचांचा वैताग मला कळतो, मीही त्या खुर्चीत बसलो आहे. पण चारचौघांत मुलांवर डाफरायला नको होतं.

ग्रँडमास्टर रोज करत नाहीत, पण करतात हे खरं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९६२चं, कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरचं. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवायची स्पर्धा, आठ खेळाडू, प्रत्येकाशी चार-चार डाव. त्यात पेट्रोशियान, केरेस आणि गेलर हे तिघे सोव्हिएत खेळाडू आपसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवून मोकळे झाले. सरासरी एकोणीस चाली! जवळजवळ दोन महिने चाललेली स्पर्धा, वरून तिथला उकाडा. बाकीचे घाम गाळत बसायचे तेव्हा हे तिघे ताजेतवाने. पेट्रोशियान साडेसतरा गुणांवर पहिला, केरेस आणि गेलर सतरावर. एकोणीस वर्षांचा बॉबी फिशर चौदा गुणांवर चौथा आला आणि अमेरिकेतल्या एका क्रीडा साप्ताहिकात त्याने रशियनांनी संगनमत केल्याचा आरोप ठोकला. साडेतीन गुणांनी मागे पडलेल्या माणसाने असं म्हणावं, याचं मला थोडं हसू येतं. पण मुद्दा त्याचाच खरा ठरला. पुढच्या खेपेपासून 'फिडे' या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती स्पर्धाच बदलून दोघा-दोघांचे बाद पद्धतीचे सामने आणले.

आता माझी गोष्ट. चाळीसेक वर्षं झाली. सात फेऱ्यांची स्पर्धा, विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. मी आणि माझा खोलीतला जोडीदार सहा फेऱ्यांनंतर साडेपाच गुणांवर, आणि शेवटच्या फेरीत आम्हीच समोरासमोर. पहिलं बक्षीस पाचशे, दुसरं तीनशे, तिसरं दीडशे. आदल्या रात्री खाणावळीत आमटी-भात कालवता कालवता हिशोब झाला : लढलो तर एकाला पाचशे, दुसरा दीडशेवर घसरणार. बरोबरी केली तर पहिली दोन बक्षिसं आपलीच, मिळून आठशे, चारशे-चारशे वाटून घ्यायचे. दहा मिनिटांत ठरलं.

सकाळी मात्र नाटक करावं लागलं. पहिल्या चार चाली भराभर झाल्या, मग लाज वाटायला लागली म्हणून मी पाचव्या चालीला वीस मिनिटं डोकं धरून बसलो. पाठ असलेली चाल! मित्राने उंट उचलला, परत त्याच घरात नीट मधोमध ठेवला, 'सारखा करतोय' म्हणाला आणि पुन्हा कपाळाला आठ्या. अकराव्या चालीला हात मिळवला. एकेक घोडा सोडला तर सगळी मोहरी पटावर होती.

शेजारच्या पटावर पाच गुणांचा एक गृहस्थ खेळत होता. बँकेतून रजा काढून आलेला. तो अधूनमधून उठून आमचा पट बघून जायचा. पुढे त्याने चार तास झगडून, हत्ती-प्याद्याचा शेवट जिंकून डाव काढला. तिघांचे सहा-सहा गुण झाले. आमचे प्रतिस्पर्धी जास्त तगडे होते म्हणून सरशी आमची आणि तो तिसरा. आमच्यातलं कुणी हरलं असतं, तर तो नक्की दुसरा येत होता. म्हणजे त्याचे दीडशे रुपये आम्ही खाणावळीतच खाल्ले होते. तो काही बोलला नाही. एसटी स्टँडवर भेटला तेव्हा 'चांगला जमला का डाव?' एवढंच विचारलं आणि मी 'हो' म्हणालो.

म्हणून तुमच्या मुलाला चालींची संख्या विचारू नका. बरोबरी कधी ठरली, ते विचारा. पटावर बसल्यावर पोटात गोळा आला, मित्राला हरवावंसं वाटेना आणि तिथेच विचारलं, तर तेराव्या वर्षी ते क्षम्य आहे. आदल्या दिवशी फोनवर ठरलं असेल, तर ती लबाडी आहे. बक्षीस वाटून घ्यायचं ठरलं असेल, तर जास्तच.

मोठ्यांनाही हे सुटत नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये समरकंदला ब्लिट्झच्या, म्हणजे काही मिनिटांत संपणाऱ्या झटपट डावांच्या, जागतिक स्पर्धेत नेपोम्नियाची आणि डुबोव या रशियन ग्रँडमास्टर दोस्तांनी तेरा चाली नुसते घोडे नाचवले, घरी आणले आणि बरोबरी केली. पंचांनी दोघांनाही शून्य दिलं. मला ते फार आवडलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला ३१ डिसेंबरला तोच नेपोम्नियाची आणि कार्लसन यांनी अंतिम सामना काही केल्या सुटेना, म्हणून ब्लिट्झचं जगज्जेतेपदच वाटून घेतलं आणि 'फिडे'ने ते मान्य केलं! ज्याने हा प्रकार थांबवायचा तोच मान डोलवायला लागला, तर मुलं काय शिकणार?

राहिला नियम. काही ठिकाणी आहे की. २००५ साली बल्गेरियातल्या सोफियाच्या स्पर्धेत खेळाडूंनी एकमेकांना बरोबरी विचारायचीच नाही, असं ठरवलं. सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या गुकेश-डिंग लढतीतही काळ्याच्या चाळिसाव्या चालीआधी आपसात बरोबरीला बंदी होती. पण पळवाट उरतेच. तीच स्थिती तीनदा आली की बरोबरी मागता येते, त्याला चालींची मर्यादा लागत नाही. बर्लिन बचाव या डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीतली एक पाठ केलेली वाट आहे : पांढरा वजीर डी-चार या घरावरून ई-चारवर जाऊन शह देतो, काळा वजीर ई-सहावर आडवा येतो, दोघे मागे फिरतात, पुन्हा तेच. चौदाव्या चालीला घरी. बोलायचीसुद्धा गरज नाही.

तालुक्याच्या स्पर्धेला हे नियम आणले, तर मुलं आधी ती वाट पाठ करतील. त्यापेक्षा या दोघांना सुट्टीत घरी बोलवा आणि तोच डाव नवव्या चालीपासून पुढे खेळायला लावा. घड्याळ लावून. निकाल मला कळवा, आणि किती चाली झाल्या तेही लिहा.