शंभर टक्के निकालाची शाळा आणि नववीचा पट

"मॅडम, दोन्ही शाळांचे निकाल लिहून आणलेत. आता तुम्हीच सांगा, कोणती चांगली?" जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातले हे वडील. मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेतून सातवी झालेली, गावात पुढची शाळा नाही. दर मे-जूनमध्ये शाळा निवडण्यासाठी सल्ला घ्यायला अशी बरीच कुटुंबं माझ्याकडे येतात आणि प्रश्नही साधारण हाच असतो. त्यामागची भीती मात्र मोठी असते. आत्ता शाळा चुकली तर पोरीचं पुढचं सगळंच चुकेल, असं आईबापांना मनापासून वाटत असतं.

त्यांच्यासमोर दोन शाळा होत्या. एक बाजाराच्या गावातलं संस्थेचं अनुदानित हायस्कूल. दुसरी तालुक्याच्या गावची जिल्हा परिषद प्रशाला. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाला प्रशालाच म्हणतात. हायस्कुलाच्या फाटकावर 'दहावीचा निकाल शंभर टक्के' असा फलक, प्रशालेचा निकाल मात्र ऐंशीच्या घरात. वडिलांचं मन ठरलंच होतं. आई गप्प होती आणि मुलगी आईकडे बघत होती.

मी म्हटलं, "दादा, दोन्हीकडे जाऊन एवढंच विचारा. गेल्या वर्षी नववीच्या पटावर किती मुलं होती आणि यंदा त्यातली किती दहावीला बसली?"

हा प्रश्न मी प्रत्येक पालकाला विचारायला लावते. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवर निघते, शाळेत शिकायला आलेल्या मुलांवर नाही. कच्च्या मुलाला नववीतच नापास करायचं किंवा "सतरा नंबरचा फॉर्म भर", म्हणजे शाळा सोडून दहावीला बाहेरून बस, असं म्हणून वाट दाखवायची, हे काही ठिकाणी सर्रास चालतं. सतरा नंबरवाल्याचा निकाल खासगी विद्यार्थी म्हणून वेगळा लागतो. शाळेचा आकडा स्वच्छ राहतो आणि ते पोर एकटं पडतं. मुलींच्या बाबतीत तर नववीत मागे पडली की पुस्तकं बाजूला ठेवून लग्नाची बोलणी सुरू होतात. हे मी पाहिलेलं आहे, म्हणूनच या प्रश्नावर मी अडून बसते.

आठवड्याने तिघं परत आले. हायस्कुलात नववीच्या पटावरची जवळपास पाव मुलं दहावीत नव्हती. प्रशालेत दोन-तीन सोडली तर सगळी बसली होती, त्यात काही नापासही झाली. वडील थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे इथं कच्च्या पोराला ठेवून घेत्यात."

आईने त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. मी तिला सांगितलं होतं की ताई, तुम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत बसू नका, दहावीतल्या मुलींशी बोला, मुतारीला कडी आहे का आणि नळाला पाणी आहे का ते बघा. तिने याहून जास्त पाहिलं होतं. हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रांवर किमतीच्या चिठ्ठ्या तशाच होत्या आणि कपाटाला कुलूप. प्रशालेत परीक्षानळ्या तळाशी जांभळ्या पडलेल्या, एक फुटकी. "पोरी हात लावत्यात तिथं," ती म्हणाली. दहावीत विज्ञानाचे ऐंशी गुण लेखी आणि वीस प्रात्यक्षिकाचे. ते वीस गुण बहुतेक शाळांतून भरभरून मिळतात, त्यामुळे गुणपत्रिकेवरून प्रयोग झाले की नाहीत ते कळत नाही. जांभळी नळी पाहिली की कळतं.

पण प्रशालेत गणिताच्या शिक्षकाचं पद रिक्त होतं. विज्ञानाचे सरच गणित घेत होते. ही गोष्ट मी हलकी केली नाही. आठवी-नववीचं बीजगणित कच्चं राहिलं तर अकरावी विज्ञान जड जातं, आणि या मुलीला नर्सिंगला जायचं होतं. मुख्याध्यापकांना थेट विचारा, असं मी सुचवलं: पद किती दिवस रिकामं आहे, तासिका तत्त्वावर कोणी मिळणार का, जादा तास होतात का? उत्तर आलं की जादा तास होतात, पण शाळा सुटल्यावर, आणि ते झाल्यावर गावाकडची एसटी निघून गेलेली असते.

आईची खरी काळजी हीच होती. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. त्यामुळे प्रश्न पैशांचा नव्हता, अंधार पडल्यावर फाट्यापासून घरापर्यंत चालत येण्याचा होता.

त्यांच्या डोक्यावरचं ओझं मी थोडं उतरवलं. आठवीच्या प्रवेशासाठी शाळेला चाचणी घेता येत नाही आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवताही येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. वर्षभर पाहून नाही जमलं तर नववीला शाळा बदलता येते. दहावीत गेल्यावर मात्र बदलू नये. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ती दोन्ही शाळांतून देता येते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतून देता येत नाही, हे वडिलांना माहीत नव्हतं. नातेवाईक त्यांना तिकडेही ओढत होते.

मुलीला मी वेगळं विचारलं. ती म्हणाली, "मला गणित येत नाही. तिकडं मला नववीत काढून टाकतील." एवढ्या लहान वयात तिने फलकामागचं वास्तव बरोबर ओळखलं होतं.

प्रशाला ठरली. त्या गावाकडून येणाऱ्या इतर मुलींच्या पालकांना घेऊन वडिलांनी एसटीची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलण्याचा अर्ज केला. मुख्याध्यापकांचं सहीशिक्क्याचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुलींची नावनिशी यादी, असं सगळं जोडून आगार व्यवस्थापकांकडे द्यायचं, पोच घ्यायची आणि दर सोमवारी विचारत राहायचं. दिवाळीनंतर गाडीची वेळ बदलली. तोवर जादा तासाच्या दिवशी दोन बाप आळीपाळीने मोटारसायकलवर मुलींना आणत होते.