काही दिवस शाळा, काही दिवस घरी अभ्यास: यात मुलं मागे पडतात का?

पडतातच असं नाही. कोणतं काम वर्गात आणि कोणतं घरी, हे शाळेने विचारपूर्वक ठरवलंय का, ते आधी विचारा.

मूल अडतं ते बहुधा ऐकताना नाही, स्वतः सोडवताना. १/२ + १/३ = २/५ असं लिहून ते निवांत पुढे जातं. घरी एकटं असेल तर अख्खं पान त्याच चुकीने भरतं. वर्गात बाई पहिल्याच गणिताला थांबवतात. म्हणूनच २००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी क्रम उलटा केला: धडा व्हिडिओवर घरी, उदाहरणं वर्गात. मला हीच विभागणी सर्वात पटते. प्रयोग आणि गटचर्चाही वर्गातच हव्यात.

पण हे मोठ्या मुलांचं झालं. पहिली-दुसरीच्या मुलाजवळ घरी कुणीतरी मोठं माणूस बसायलाच हवं, आणि ते शक्य नसेल तर रोजची शाळाच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरच्या दिवशी संध्याकाळी 'झाला का अभ्यास?' विचारू नका. पुस्तक मिटवून 'आज काय शिकलास, मला समजावून सांग' म्हणा. कुठे अडखळतो ते टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना कळवा.